लालीचं कोरडं अंथरूण

आमची लाली 13 वर्षांची आहे. तांबूस रंगाची, गावठी, 18 किलो वजनाची. जुन्नर तालुक्यात येडगावच्या शिवारात आमची वस्ती आहे; एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला कांदा. 1977 मध्ये कुकडी नदीवर येडगावचं धरण झालं आणि या भागात पाणी खेळलं. पाण्यामागे ऊस वाढला, आणि उसात बिबट्यानं घर केलं. लालीनं उमेदीच्या काळात ही वस्ती राखली. उसात काही खसपसलं, गोठ्याकडे काही सरकलं, की आधी तिला कळायचं. आता तिला कमी ऐकू येतं, मागचे पाय आखडतात आणि गेल्या पावसाळ्यापासून झोपेत लघवी गळते.

कुत्रं म्हातारं होऊन घरात लघवी करायला लागलं, की त्याची जागा आधी अंगणात जाते, मग गोठ्यामागे, मग बांधावर. आमच्या तालुक्यात बांधावर रात्र काढणारं म्हातारं कुत्रं सकाळी दिसेलच असं नसतं. म्हणून लाली घरातच झोपते. तिचं अंथरूण कोरडं ठेवणं हे धार काढणं, पाणी भरणं, भाकरी टाकणं यांच्याच ओळीतलं रोजचं काम झालं आहे. ते काम दिवसभरात कसं बसतं, हे जानेवारीतल्या एका दिवसाच्या निमित्तानं सांगते.

पहाटे पाच

या आठवड्यात शेतीची थ्री-फेज लाइट रात्रीची आहे. हे कांद्याला पाणी देऊन आत्ताच परतले. पायाला चिखल, अंगावर स्वेटर, डोक्याला मफलर. मी चूल पेटवायच्या आधी लालीच्या अंथरुणाखाली हात घालून बघते. आज मागच्या बाजूला तळहाताएवढा भाग ओला आहे. पावसाळ्यात पूर्ण अंथरूण भिजायचं, त्या मानानं हे खूप बरं आहे.

लाली जागी होते आणि लगेच ती ओली जागा चाटायला लागते. तिच्यावर आवाज चढवायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. लघवी झाली हे तिला झोपेत कळलेलंच नसतं. जे कळलंच नाही त्याबद्दल रागावलं, तर ती फक्त आपल्याला घाबरायला शिकेल. तिच्या पाठीवर हात ठेवायचा, ओलं वरचं पांघरूण काढायचं, खाली कोरडं सरकवायचं. थंडीत ओल्या अंगानं पडून राहिली तर सांधे आणखी धरतात.

बाहेर अजून अंधार आहे. जानेवारीत आमच्याकडे सातच्या सुमाराला उजाडतं. तोवर तिला अंगणात सोडायचं नाही. पडवीला आम्ही पूर्ण जाळी मारून घेतली आहे. तिच्या एका कोपऱ्यात विटांची एक ओळ लावून आत वाळू आणि माती पसरली आहे. तिथं लाली रात्री-पहाटे लघवीला जाते. सुरुवातीला तिची लघवी पडलेली अंगणातली माती उचलून मी त्या कोपऱ्यात टाकली. स्वतःचा वास ओळखून दोन-चार दिवसांत तिला जागा समजली.

सकाळी सात

आज दवाखान्यात जायचं आहे, म्हणून सकाळची पहिली लघवी धरायची आहे. लांब दांड्याची पळी उकळत्या पाण्यातून काढून कोरडी करून ठेवली होती. लाली अंगणात खाली बसली की मागून हळूच पळी सरकवायची. पहिली धार जाऊ द्यायची, मधली घ्यायची. मेडिकलमध्ये मिळते त्या झाकणाच्या निर्जंतुक डबीत ती ओतून डबी थंड जागेत ठेवायची. नमुना ताजा असेल तेवढा चांगला. सकाळची लघवी रात्रभर साठलेली असते. मूत्रपिंडं ती किती दाट करू शकतात, हे तिच्यावरून डॉक्टरांना समजतं.

मग तिची मागची बाजू बघायची. लघवी अंगाला लागून राहिली की कातडी लाल होते, खाज सुटते, मग चट्टे पडतात. मांड्यांच्या आतले आणि शेपटीखालचे केस मी कात्रीनं बारीक कापले आहेत. कोमट पाण्यात सुती फडकं भिजवून पुसायचं, मग कोरड्या फडक्यानं नुसतं टिपायचं, चोळायचं नाही. पूर्ण कोरडं झालं की खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा. लहान मुलांच्या लंगोटाच्या पुरळावरची बरीच मलमं जस्ताची असतात. कुत्री ती चाटतात आणि जस्त त्यांच्या पोटात गेलं की विषबाधा होते. ती मलमं आपल्या मनानं लावू नयेत.

पावसाळ्यात ही तपासणी मी सकाळ-संध्याकाळ करते. लघवीनं ओल्या, वास येणाऱ्या केसांवर माश्या अंडी घालतात आणि बघता बघता अळ्या पडतात. जो म्हातारा जीव मान वळवून स्वतःची पाठ चाटू शकत नाही, त्याला या अळ्या आतून खातात. खेड्यातली कित्येक म्हातारी कुत्री लघवीच्या आजारानं मरत नाहीत, या जखमांनी मरतात.

सकाळी आठ

नाचणीची भाकरी, उकडलेलं अंडं आणि थोडा नुसता भात. लालीचं जेवण आमच्या रश्शातून निघत नाही. आमचा भाग कांद्याचा, प्रत्येक भाजीत कांदा-लसूण. कुत्र्यांना तो घातक आहे, कारण त्यानं त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आमचा भाग द्राक्षांचाही आहे. आता बागांमध्ये माल तयार व्हायला लागेल, शेजारपाजारून घरोघरी घड येतील, खाली मणी सांडतील. द्राक्षं आणि बेदाणे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल त्यामागे असावं, असं अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी 2021 मध्ये मांडलं. किती मणी खाल्ल्यावर त्रास होईल याचा नेम नाही, म्हणून एकही द्यायचा नाही. आमच्या पोरांना हे पाठ झालं आहे.

अंड्याच्या तुकड्यात तिची गोळी जाते.

पाण्याचं भांडं मात्र कायम भरलेलं. लघवी गळते म्हणून पाणी तोडणारी घरं मी बघितली आहेत. तहानलेल्या कुत्र्याची लघवी दाट होते, मूत्राशयाची आग होते, आणि मूत्रपिंडं आधीच थकलेली असतील तर ती बसतातच. पाणी तोडायचं नाही, मोजायचं. सकाळी लिटरच्या बाटलीनं मोजून भांड्यात ओतते आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजते. कुत्र्यानं दिवसाला किलोमागे 100 मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी प्यायलं, तर ते जास्त समजतात. लालीच्या वजनाला ती मर्यादा 1.8 लिटर होते. थंडीत ती लिटरभरसुद्धा पीत नाही. हा आकडा वहीत लिहिलेला असतो आणि दवाखान्यात पहिला उपयोग त्याचाच होतो.

सकाळी दहा

नारायणगावला जायला छोटा टेम्पो. प्रवासापुरता मी लालीला लंगोट बांधते. माणसांचा डायपर घेऊन शेपटीसाठी भोक पाडते आणि कडेनं चिकटपट्टी लावते, म्हणजे आतला कापूस बाहेर येत नाही. तीन-चार तासांच्या वर तो अंगावर ठेवायचा नाही. घरी तर बांधतच नाही. ओला लंगोट रात्रभर राहिला तर आत कातडी शिजून निघते.

डॉक्टरांकडे कोंबड्या, शेळ्या, एक वासरू आणि आमची लाली. त्यांनी डबी घेतली, वही बघितली.

"ताई, उठल्यावर लघवी नीट एका जागी करते ना?"

"करते. झोपेतच तेवढी गळते."

"रंग? लाल, चहासारखा?"

"नाही."

"गोचीड?"

"मागच्या महिन्यात दोन काढल्या."

हे प्रश्न पहिल्या खेपेलाही त्यांनी असेच विचारले होते, आणि त्यांतून मला बरंच शिकायला मिळालं. घरात लघवी होते, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. थोडी थोडी, पुन्हा पुन्हा, कुंथत होत असेल तर मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग किंवा खडा असू शकतो. भसाभस, भरपूर होत असेल आणि पाणीही खूप पीत असेल, तर साखर, मूत्रपिंड, संप्रेरकांचे आजार तपासावे लागतात. खाजेवर दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही लघवी वाढते. मागचे पाय लुळे पडून लघवी टपकत असेल, तर मणक्याकडे बघायचं. गोचिडातून आलेल्या तापात लघवी लाल-काळी होते आणि तिथं एक दिवसाचाही उशीर चालत नाही. जागेपणी कोपऱ्यात उभं राहून, भिंतीकडे बघत, कुठंही लघवी करणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला विसरभोळेपणाचा आजार असू शकतो. आणि नुसतं झोपेत, अंग सैल सोडल्यावर गळत असेल, तर मूत्रमार्गाच्या तोंडाशी असलेला आवळून धरणारा स्नायू ढिला पडलेला असतो.

लालीचं हे शेवटचं आहे. ती चार वर्षांची असताना आम्ही तिची नसबंदी केली. तिच्या दोन्ही विणींतली पिल्लं बिबट्यानं एकेक करून उचलली होती. ओरडत उसाकडे धावणारी लाली पुन्हा बघवली नसती. बीजांडं काढली की शरीरातलं इस्ट्रोजेन जवळजवळ संपतं, आणि तो स्नायू ताठ ठेवायला त्याची मदत लागते. काही माद्यांत पुढे तो स्नायू सैल होतो. मध्यम आणि मोठ्या अंगाच्या माद्यांत जास्त. याचा अर्थ नसबंदी चुकीची असा नाही. गर्भाशयात पू होऊन मरणाऱ्या माद्या, बेवारस पिल्लं, हे सगळं तिनं टळतं. लघवी गळण्यावर उपाय आहे, हे मात्र माहीत पाहिजे.

पहिल्या वेळी लघवी, रक्तातली साखर, क्रिएटिनिन तपासलं. सोनोग्राफीला पुण्यात, सुमारे पाऊणशे किलोमीटरवर नेलं. बाकी काही नाही हे ठरल्यावर एस्ट्रिऑल नावाच्या संप्रेरकाची गोळी सुरू झाली. गळणं थांबायला लागल्यावर डॉक्टरांनी मात्रा उतरवत उतरवत कमीत कमी जेवढीवर काम भागेल तेवढी ठेवली. ती जास्त झाली तर आचळं सुजतात आणि म्हातारीच्या मागे गावभरचे कुत्रे लागतात, म्हणून आपल्या हातानं कमी-जास्त करायची नाही. दुसरं औषध फिनाइलप्रोपॅनोलामाइन. ते तो स्नायू आवळतं, पण रक्तदाबही वाढवतं. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या कुत्र्याला ते डॉक्टर फार जपून देतात. सर्दीच्या गोळीत असंच काही असतं म्हणून ती देणं हा उपाय नव्हे. त्या गोळीत दुसरी औषधं असतात आणि त्यांनी कुत्रं मरू शकतं.

आज नमुन्यात जंतू नाहीत. मात्रा तीच ठेवायची. आखडलेल्या पायांसाठी त्यांनी कुत्र्यांचं वेदनाशामक लिहून दिलं आणि दर वेळी सांगतात ते पुन्हा सांगितलं, की घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकची गोळी हाताला लागली तरी द्यायची नाही. कुत्र्याच्या पोटात तिनं व्रण पडतात आणि मूत्रपिंडं जातात. जनावरांना डायक्लोफेनॅक द्यायला तर देशात 2006 पासून बंदी आहे. ते टोचलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं संपत चालली होती.

दुपारी एक

उन्हाळी कांद्याची लागण चालू आहे. मी सरीवर, बायांबरोबर. घरी लालीपाशी सासूबाई आहेत. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांचं वय ऐंशीच्या घरात. अंगणात ऊन पडलं की त्या खाटेवर आणि लाली खाटेखाली.

जेवायला घरी आले तर शेजारच्या काकू आल्या होत्या. लालीची धुतलेली पांघरुणं वळणीवर बघून म्हणाल्या, "कशाला एवढं करता? त्या तिकडं हायवेच्या हॉटेलापाशी सोडा. खरकटं मिळतं तिथं, जगतात कुत्री."

आत्या म्हणाल्या, "आळ्याला ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी आहे. दरसाल जत्रेला जातेस. रेड्यापुढं हात जोडायचे आन् हिला हॉटेलापाशी सोडायचं?"

काकू गप्प झाल्या. मग आत्याच पुढे म्हणाल्या, "म्हातारपणी मुतावर ताबा राहत नाही, बाये. खोकला आला तरी लुगडं ओलं होतं. आम्ही बाया कुणाला सांगत नाही. तिला तर सांगताच येत नाही."

हे त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदाच बोलून दाखवलं. बाळंतपणांनी आणि पाळी गेल्यावर बायकांचे ओटीपोटाखालचे स्नायू असेच सैल होतात. इस्ट्रोजेन कमी होणं हे कारण तिथंही आहे. त्यावर व्यायाम आहेत, औषधं आहेत. पुढच्या आठवड्यात आत्यांना नारायणगावच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे न्यायचं, असं जेवताना ठरलं.

दुपारी तीन

पांघरुणं वाळली. ती धुवायची रीत ठरलेली आहे. आधी साध्या पाण्यात बुचकळून लघवी काढायची, मग धुण्याच्या पावडरीत, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर, आणि मग कडक ऊन. फरशीवर सांडलेलं आधी जुन्या फडक्यानं टिपायचं, मग साबणाचं पाणी, मग खाण्याच्या सोड्याचं. वास आपल्याला आला नाही तरी तिला येतो आणि जिथं वास तिथं ती पुन्हा बसते. फिनेल ओतून ओल्या फरशीवर कुत्र्याला बसू द्यायचं नाही. ते पायाला लागतं, चाटण्यातून पोटात जातं. ब्लीचिंग तर लघवीवर कधीच टाकायचं नाही, दोन्ही मिळून छातीला झोंबणारा विषारी वायू निघतो. चुलीतली राख टाकायची जुनी सवय आहे. मातीच्या जमिनीवर आणि कुत्रं जवळ नसताना ती ठीक. पण ओल्या राखेचा क्षार कातडी पोळतो, त्यामुळे अंथरुणाजवळ राख नको.

घरातल्या गुळगुळीत फरशीवर लालीच्या अंथरुणापासून पडवीच्या वाळूपर्यंत गोणपाटाची वाट अंथरली आहे. फरशीवर तिचे मागचे पाय फाकायचे, उठायला वेळ लागायचा आणि पोहोचायच्या आत लघवी व्हायची. म्हणजे तिच्या ओल्या अंथरुणातला एक वाटा ढिल्या स्नायूचा होता, तर दुसरा निसरड्या फरशीचा. गोणपाट टाकल्यावर हा दुसरा गेला.

संध्याकाळी साडेपाच

उजेड आहे तोवर लालीला फिरवून आणायचं. पाटाच्या कडेनं, दोरी धरून, तिच्या चालीनं. ती थांबेल तिथं थांबायचं, तिला पूर्ण मोकळं होऊ द्यायचं. मूत्राशय रिकामं असेल तर रात्री कमी गळतं. कुकडीचं आवर्तन चालू आहे, पाट भरून वाहतो आहे. हे पाणी पुढे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि करमाळ्यापर्यंत जातं.

आमच्या पलीकडच्या रानात ऊसतोड लागली आहे. तोडीच्या दिवसांत बिबट्याचा आसरा निघतो. सरीत पिल्लं सापडतात. वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर येतात आणि पिल्लं रात्री त्याच जागी ठेवतात, म्हणजे आई येऊन घेऊन जाते. आईनं पिल्लं न्यावीत, हे आम्हालाही वाटतं. पण ती मादी त्या रात्री आमच्या बांधावरूनच चाललेली असते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्यानं माणसांचे जीव घेतले. त्यानंतर तिथली माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होती. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात तसे पट्टे आम्ही लहानपणापासून बघतो. माणसांच्या गळ्यात बघवले नाहीत.

बिबट्याचं आवडतं, सोपं खाणं कुत्रं आहे. पलीकडच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. वजनाच्या हिशेबानं बिबट्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा 39 टक्के निघाला. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा 11 टक्केच. शेळी रात्री कोंडलेली असते आणि कुत्रं उघड्यावर असतं. शिवाय वस्तीवर उघड्यावरचं कुत्रं असलं की बिबट्या दारापर्यंत येतो, आणि त्याच दारात आपली पोरं लघवीला उठतात. म्हाताऱ्या कुत्र्याला आत घेणं ही त्याच्यावरची दया तर आहेच, घराचीही राखण आहे.

रात्री साडेआठ

सगळ्यांची जेवणं झाली. लालीचं सातलाच झालं. आता अंथरूण घालायचं.

सगळ्यात खाली शेततळ्याचा कागद. गावात कुणाचं तरी शेततळं होतं आणि कडेचे तुकडे उरतात. टोमॅटोचा मल्चिंग पेपर वापरून बघितला तर नखानं फाटतो, शेततळ्याचा कागद टिकतो. त्यावर जुन्या लुगड्यांची गोधडी, ती लघवी शोषून घेते. आणि सगळ्यात वर लोकरीसारखं दिसणारं कृत्रिम धाग्याचं ब्लँकेट. वर सुती चादर टाकली तर ती ओली धरून ठेवते आणि कुत्रं ओल्यात पडून राहतं. कृत्रिम धागा पाणी खाली सोडतो आणि वरून लवकर कोरडा होतो. अंथरूण जाड हवं, कारण म्हाताऱ्या कुत्र्याची कोपरं आणि कुल्ले कठीण जमिनीवर घासून तिथं जखमा होतात. पण फार उंचही नको, तिला चढावं लागता कामा नये. थंडी आहे म्हणून कडेनं पोती उभी केली आहेत, वारा लागत नाही.

दोन संच केले आहेत. एक अंथरुणावर, एक वळणीवर. पावसाळ्यात तिसरा लागतो.

रात्री अकरा

हे निघाले. बरोबर शेजारचा पुतण्या. दोघांच्या हातात बॅटऱ्या, काठ्या, मोबाइलवर मोठ्यानं गाणी. रात्रीची लाइट असली की शिवारात सगळीकडे असेच उजेड हलताना दिसतात. दिवसा वीज द्या, ही मागणी आमच्या भागानं किती वेळा केली याची गणती नाही. दिवसा पाणी देता आलं, तर माणूसही अंधारात जाणार नाही.

मी झोपायच्या आधी लालीला हलवून उठवते. नीट ऐकू येत नाही म्हणून हाक मारून उपयोग नाही, आणि एकदम हात लावला तर दचकते. आधी नाकासमोर हात धरायचा, वास गेला की ती डोळे उघडते. मग गोणपाटावरून पडवीत, वाळूत. ती मोकळी झाली की तोंडभर कौतुक करायचं. तिला नीट ऐकू येत नसलं तरी हाताचा स्पर्श समजतो.

रात्री दोन

आणखी एकदा. गोळी लागू पडल्यापासून ही फेरी रोज लागत नाही, पण थंडीत मी उठते. आज अंथरूण कोरडं आहे. तरी वाळूपर्यंत नेऊन आणते. गोठ्यातली गाय उभी राहून कान टवकारते, पलीकडच्या वस्तीवर कुत्री भुंकतात. मी पडवीची कडी पुन्हा बघते, दिवा चालू ठेवते आणि यांना फोन लावते. "दोन वाफे राहिलेत," म्हणतात.

दिवस असा जातो. यात लालीवर खर्च होणारा वेळ सगळा मिळून तासा-दीड तासाचा असेल, आणि तो कामांच्या मधे मधे वाटला जातो. खर्च गोळ्यांचा आणि अधूनमधून तपासणीचा. बाकी सगळं सामान घरात, शिवारात पडलेलंच आहे: गोणपाट, लुगडी, शेततळ्याचा कागद, वाळू.

ज्यांच्या घरी म्हातारं कुत्रं आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. ते झोपेत ओलं करायला लागलं, की त्याला वाईट सवय लागली असं समजू नका. ते किती पाणी पितं हे दोन दिवस मोजा, सकाळची लघवी डबीत धरा आणि पशुवैद्यांना दाखवा. यातले बरेच आजार बरे होतात, आणि जे होत नाहीत त्यांतले बरेच आटोक्यात राहतात. पाणी तोडू नका. माणसांची औषधं देऊ नका. आपल्या जनावराला पुरेसं अन्न, पाणी आणि आसरा न देणं, त्याला उपाशी-तहानलेलं मरायला सोडून देणं, हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. त्याचा पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये इतकाच आहे, तेव्हा कायदा आपल्याला अडवेल या भरवशावर राहू नका. हे आपलं आपणच पाळायचं आहे. आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या बिबट्याच्या तालुक्यांत राहत असाल, तर जाळी मारलेली पडवी, कोपऱ्यात पाटीभर वाळू आणि एक कोरडं अंथरूण, एवढी सोय आजच करा. ज्यानं दहा-बारा वर्षं आपलं दार राखलं, त्याला शेवटची वर्षं त्या दाराच्या आत मिळालीच पाहिजेत.